खुशाल गारपगाऱ्याचा अंगठा

गार कशी जन्मास येते, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण ज्याला गारेचा जन्म ठाऊक नाही, त्याला खुशाल दौलतनाथ गारपगारी या मनुष्याच्या अंगठ्यावर एके दिवशी केवढे ओझे येऊन पडले, हे उमगणार नाही.

उन्हाने तापलेल्या भूमीलगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते, आणि तिच्यासोबत पाण्याची वाफही चढते. वर जावे तसतशी हवा थंडावते, वाफेचे सूक्ष्म थेंब होतात आणि ढग आकारास येतो. सामान्य ढग येथेच संतुष्ट होतो. परंतु फाल्गुनाच्या सुमारास उत्तरेकडील थंड कोरडा वारा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेला दमट वारा विदर्भाच्या आकाशात एकमेकांस भेटले, म्हणजे ढगाला थांबणे माहीत राहत नाही. तो बारा-बारा किलोमीटर उंच वाढतो. त्याच्या पोटातील वारा खालून वर धावतो, आणि त्या उंचीवर एक चमत्कारिक गोष्ट घडते. पाणी शून्य अंशाखाली जाऊनही गोठत नाही. गोठण्यासाठी थेंबाला काहीतरी धरावयास लागते. धुळीचा एखादा कण, ज्यावर बर्फाची पहिली घडी बसावी. असा कण ज्या थोड्या थेंबांना लाभतो, त्यांच्यावर बाकीचे सर्व पाणी येऊन थिजते. वारा त्यांना वर झेलतो, थरावर थर चढतो, आणि वाऱ्याला ते वजन पेलेनासे झाले की ते खाली सुटते. गार फोडून पाहावी, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

उपायही याच ज्ञानातून निघाला. कण थोडे, म्हणून गारा मोठ्या. कण अगणित केले तर? वरण तेवढेच आणि पंगत मात्र शंभरपट. कोणाचेच पोट भरणार नाही. चांदी व आयोडीन यांच्या संयुगाची भुकटी, जिच्या कणांची ठेवण बर्फाच्या स्फटिकासारखी असते, योग्य जागी पसरली तर ढगातील पाणी त्या असंख्य कणांत वाटले जाते, गारा बारीकच राहतात आणि खालच्या उबदार हवेतून येता येता पुष्कळशा विरघळून जातात. ही युक्ती मानवाला पूर्वीपासून अवगत होती. तिचे यश मात्र संशयास्पद होते. कारण ढगाच्या पोटातील नेमकी जागा आणि नेमका क्षण कोणता, हे कोणासही सांगता येत नसे. ज्या काळाची ही हकिकत आहे, त्या काळी ते सांगणारे यंत्र निघाले. त्याचे रडार ढगाचे अंतरंग पाहत असे, आणि थोड्या वेळाने गार कोणत्या शिवारात पडणार, हे ते यंत्र नकाशावर तांबडा रंग भरून दाखवीत असे.

सुरई नदीच्या खोऱ्यातील अकरा गावांनी मिळून असे यंत्र आणले. हे खोरे संत्र्यांचे. पृथ्वीचे तापमान वाढत गेल्यापासून लहान गारा वाटेतच वितळू लागल्या होत्या. परंतु ज्या जमिनीपर्यंत पोहोचत, त्या पूर्वीपेक्षा मोठ्या होऊन पोहोचत. म्हणून अकरा गावांची एक सहकारी संस्था स्थापन झाली, बेलडोहच्या टेकडीवर केंद्र उभे राहिले, आणि भुकटी घेऊन ढगात शिरणारे ड्रोन तेथे ओळीने मांडण्यात आले. लोक त्यांना पाखरे म्हणत.

यंत्राला सर्व काही येत होते. फक्त स्वतःहून उडण्याची आज्ञा देणे त्यास येत नव्हते. येत नव्हते असे नव्हे, कायद्याने ते त्यास मना केले होते. ढगात हस्तक्षेप करावयाचा तर यंत्राने सल्ला द्यावा आणि कोणा एका जबाबदार मनुष्याने काचेवर अंगठा ठेवून तो मान्य करावा, असा नियम होता. हा अंगठा कोणाचा असावा, यावरून संस्थेची पहिलीच सभा पेटली.

“माहा ठेवला त तुमीच म्हनान, कोहळ्यानं आपली बाग पह्यले झाकली,” अध्यक्ष यादवराव कोहळे म्हणाले.

“म्हननारच न जी!” मागून कोणीतरी ओरडले, आणि सभेत हशा पिकला.

“मंग तुहा ठेवू? तुही त बाग पान्याच्या टाकीएवढी नाही, न तोंड पाहा केवढं.”

“अबे, भांडता कायले?” एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले. “गारपगारी हाये न गावात. खुशाल हाये. त्याच्या आज्यापंज्याचं कामच होतं ते.”

आणि सभा एकदम शांत झाली; कारण ही गोष्ट सर्वांना पटली.

गारपगारी म्हणजे काय, हे नव्या पिढीच्या वाचकांस कदाचित माहीत नसेल. पूर्वी विदर्भातील गावोगावी एक घर गारपगाऱ्याचे असे. आभाळ काळेनिळे होऊन आले की हा मनुष्य उघड्या अंगाने मारुतीच्या देवळासमोर जाऊन ढगाला सामोरा उभा राही, मंत्र म्हणे, ढगास दटावी, आणि प्रसंगी स्वतःच्या मांडीवर शस्त्र चालविण्याची धमकी देई. त्याच्या ओरडण्याने ढग वळत नसे हे आपण जाणतो. तथापि बेलडोहच्या बाजूस या घराण्याचा एक दंडक होता, आणि तो विचार करण्याजोगा आहे. गारपगाऱ्याने शेत बाळगू नये. ज्याचे स्वतःचे रान आहे तो ढगाला आपल्या रानावरून आधी हाकलील, अशी लोकांस भीती असे. खुशालचे वडील दौलतनाथ यांनी मंत्र केव्हाच सोडून दिले होते आणि ते सायकली दुरुस्त करीत. परंतु एक वावर स्वस्तात मिळत असतानाही त्यांनी ते घेतले नव्हते. खुशाल दहावीपर्यंत शिकला, विहिरींवरच्या विजेच्या मोटारी बांधू लागला, आणि त्याच्याही नावावर तसूभर जमीन नव्हती.

ज्याला शेत नाही त्याला पक्ष नाही, असे अकरा गावांनी गृहीत धरले. शेत नसले तरी मनुष्याला लेक असू शकते, हे त्या सभेत कोणाच्याही ध्यानी आले नाही.

खुशालची एकुलती कन्या तेजल. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. तेजल शिकून मोठी झाली आणि खैरगव्हाणच्या सुधाकर बोढाळे यांच्या पंकजशी तिने स्वतः ठरवून लग्न केले. बोढाळ्यांची संत्र्याची बाग खोऱ्यात नावाजलेली होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी खुशाल यादवरावांकडे गेला.

“अध्यक्षसाहेब, आता माहा अंगठा काढा. दुसऱ्या कोनाचा ठेवा.”

“काहून?”

“पोरगी बागवाल्याच्या घरी गेली न आता.”

यादवराव मोठ्याने हसले. “पोरगी देल्लीस, सातबारा नाही आला तुह्या नावावर. जाय, काम कर.”

तेजललाही ही गोष्ट गमतीचीच वाटली. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा चहा गाळता गाळता ती म्हणाली, “बाबा, आता आमच्या बागेवर दोन पाखरं जास्तीची सोडत जा.”

“असं बोलू नोको, तेजू.”

“मस्करी केली न मी.”

“मस्करीतही नोको.”

तिने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विषय बदलला. त्यानंतर तीन हंगाम कुशल गेले. ढग येत, पाखरे उडत, अंगणात बारीक गारांचा सडा पडे आणि मुले तो वेचून खात. यंत्राचा सल्ला आणि खुशालचा अंगठा यांत कधी अंतर पडले नाही. पडण्याचे कारणच नव्हते, कारण प्रत्येक वेळी ढग एकच होता.

त्या दिवशी दुपारी पश्चिमेस सातपुड्याच्या रोखाने ढग उभा राहिला, तेव्हा केंद्रावर खुशाल आणि अभियंता ऋजुता पांढरीपांडे अशी दोघेच होती. ऋजुताबाई नागपूरच्या. वयाने खुशालपेक्षा पुष्कळ लहान, कामात अत्यंत चोख, आणि त्याला खुशालभाऊ म्हणत.

“खुशालभाऊ, इकडे या. हा फिरतो आहे,” पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या.

काही ढग स्वतःभोवती फिरतात. जमिनीलगतचा वारा एका दिशेचा आणि उंचावरचा दुसऱ्या दिशेचा असला, म्हणजे मधली हवा दोन तळव्यांमध्ये धरलेल्या वातीप्रमाणे वळली जाते आणि वर चढणारा झोत ते वळण उचलून उभे करतो. असा ढग दीर्घायुषी व क्रूर असतो. आणि त्याचा एक विशेष असा की, तो कधीकधी मधोमध दुभंगतो. एक शाखा उजवीकडे वळते, दुसरी डावीकडे, आणि दोन्ही पूर्ण ढग होऊन आपापल्या वाटेने चालू लागतात.

खोऱ्याच्या तोंडाशी येताच तो ढग दुभंगला.

पडद्यावर दोन तांबड्या जिभा उमटल्या. दक्षिणेकडील जीभ खैरगव्हाण आणि शेजारच्या तीन गावांच्या बागांवरून जात होती. प्रत्येक बागेच्या चौकोनात तिच्या मालकाचे नाव लिहिलेले असे. ‘बोढाळे सुधाकर’ हा चौकोन जिभेच्या अगदी मध्यावर होता. उत्तरेकडील जीभ नदीपलीकडच्या भोंड्या माळावरून जात होती, आणि तेथे यंत्राने दोनच शब्द लिहिले होते: रिक्त क्षेत्र.

दोन्हीकडे गार मुठीएवढी पडणार होती. पाखरे एका वेळी एकाच शाखेस पुरण्याजोगी होती. परत येऊन, भुकटी भरून, पुन्हा उडेपर्यंत ढग खोरे ओलांडून गेला असता. यंत्राने सल्ला दिला: दक्षिण शाखा. अंगठा ठेवा.

खुशालने अंगठा उचलला. यंत्राचा सल्ला, संस्थेचा नियम, अकरा गावांचे हित आणि लेकीचे घर, सर्व एकाच दिशेस उभे होते. मनुष्याच्या आयुष्यात असा योग क्वचितच येतो.

“एक मिनिट,” ऋजुताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “टेहळणीचं पाखरू माळावर आहे. हे बघा.”

कॅमेऱ्याच्या चित्रात निळ्या प्लास्टिकची पाले दिसली. त्यांच्याभोवती मेंढ्यांचा मोठा कळप, दोन-तीन उंट, आणि उघड्यावर चूल मांडून बसलेल्या बाया. पालांच्या मधून लहान मुले पळत होती. दरवर्षी गुजरातेतून उतरणारे काठेवाडी मेंढपाळ होते ते. त्यांची पाले कोणत्याही नकाशात नसतात, कारण ती दर आठवड्याला हलतात.

“यंत्राले दिसत नाही का हे?”

“यंत्र नोंदलेलं पीक आणि नोंदलेली वस्ती मोजतं. ह्यांची नोंद नाही.”

“फोन लावा त्याइले.”

“नंबर कुणाकडे आहे, भाऊ?”

“मी गाडी घेऊन जातो.”

“पुलाला वळसा घालून? तुम्ही अर्ध्यात असाल तेव्हा गारा पडून गेलेल्या असतील.” त्यांनी पडद्यावरील पालांचे चित्र मोठे केले. “मला सल्ला देण्याची परवानगी नाही. दिसतं ते दाखवण्याची आहे. मी दाखवलं.”

त्या पडद्यापासून हलल्या नाहीत, आणि त्या आपल्यावर ओझे टाकून मोकळ्या झाल्या असे त्याला वाटले नाही. इतक्यात त्याच्या खिशातील फोन वाजला. तेजल होती.

“बाबा, इकडं लय काळं झालं. पाखरं निघाली का?”

“तू कुठी हाये?”

“बागेतच हावो आमी सगळे. पाखरं निघाली का, बाबा?”

“घरात जा. सासऱ्याले, पंकजले घेऊन स्लॅबखाली जा. ढोरं आत बांधा.”

“म्हंजे?”

“जा म्हनतो न, तेजू!”

तिने फोन ठेवला.

खैरगव्हाणात पक्की घरे होती. तेथे गार झाडे मोडणार होती, माणसे नव्हेत. माळावर प्लास्टिक होते. हिशेब इतका साधा होता की लहान मुलासही सुटला असता. परंतु ज्याच्या लेकीचे नाव त्या हिशेबात आहे, त्याच्यासाठी साधा हिशेब म्हणून काही राहत नाही. खुशालने उत्तरेकडील जिभेवर बोट ठेवले आणि काचेवर अंगठा टेकला.

‘निर्णय सल्ल्याविरुद्ध आहे. कारण सांगा,’ यंत्र म्हणाले.

“मानसं हायेत तिथी.”

‘या क्षेत्रात नोंदणीकृत वस्ती नाही. निर्णय कायम आहे काय?’

खुशालने पुन्हा अंगठा टेकला. पाखरांचा थवा मोठा घोष करीत उठला आणि उत्तरेकडे वळला. खोऱ्यातील सर्व गावांनी तो वळताना पाहिला.

खैरगव्हाणवर गार फार वेळ पडली नाही. चहाला उकळी येण्यास लागतो तेवढाच तो वेळ. ढग पुढे सरकल्यावर लोक बाहेर आले, तेव्हा झाडे उभी होती, परंतु त्यांवर पान नव्हते. फळांचा आणि पानांचा एकच चिखल झाला होता आणि त्यात पांढऱ्या गारा रुतल्या होत्या. खोडांची साल ठिकठिकाणी फाटून आतले लाकूड दिसत होते. माळावर मात्र पालांवर साबुदाणा पडावा तशी बारीक गार पडली आणि जमिनीला टेकताच विरून गेली.

दिवस मावळण्यापूर्वी बेलडोहला खुशालच्या दारात माणसे जमू लागली. प्रत्येकाच्या डोक्यावर घमेले होते. कोण्या जुन्या काळी गार पडली की गावकरी ती उचलून गारपगाऱ्याच्या उंबऱ्यासमोर आणून टाकीत, म्हणजे त्याने ती डोळ्यांनी पाहावी. हा प्रघात दोन पिढ्या कोणी पाळला नव्हता. तो लोकांना कसा आठवला, कोणी आठवण करून दिली, हे कळत नाही. पोत्यात गुंडाळून, ट्रॅक्टरमध्ये घालून त्यांनी त्या गारा आणल्या होत्या. एकेक जण पुढे येई, घमेले पालथे करी आणि बाजूला सरे. खुशाल दारात उभा होता. तेजलचे सासरे सुधाकर बोढाळे सर्वांत शेवटी आले.

“व्याही,” ते म्हणाले, “तुमाले आमची बाग दिसत नोती का?”

“दिसत होती.”

“अन् तरी?”

“तिकडं लेकरं होती, व्याही.”

“लेकरायले काय झालं? साबुदाना पडला तिथी, साबुदाना! आताच पाहून आला माहा पुतन्या.”

“पाखरं गेली म्हणूनच बारीक पडला, काका,” गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या ऋजुताबाई म्हणाल्या.

“कोन म्हनते? नसती गेली त मोठा पडला असता, हे कोनं पाह्यलं?”

विज्ञानाच्या या शोधातील सर्वांत कठीण बाब हीच आहे. जे नुकसान झाले ते घमेल्यात भरून आणता येते. जे टळले ते कोणासही दाखविता येत नाही. तोच ढग, त्याच क्षणी, पाखरांवाचून पुन्हा कोठून आणावा? पूर्वी गार आभाळातून पडत असे आणि माणूस आभाळाकडे पाहून कपाळाला हात लावी. आता प्रत्येक गारेमागे एक अंगठा होता.

लोक पांगल्यावर ऋजुताबाई जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “खुशालभाऊ, तुमचा अंगठा दक्षिणेलाच होता, पाखरं भरकटून उत्तरेला गेली, असा अहवाल मी देऊ शकते. वादळात संपर्क तुटतो. कुणी विचारणार नाही.”

“नोको, मॅडम. अंगठा माहा होता.”

“मुलीचा विचार करा.”

“तोच करून रायलो तवापासून,” खुशाल म्हणाला, आणि दारात पडलेल्या ढिगाकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा भरली. खुशालचा अंगठा यंत्रातून काढावा, असा ठराव एकमताने संमत झाला. मग यादवरावांनी विचारले, आता कोणाचा ठेवावा? एकाने दुसऱ्याचे नाव घेतले, दुसऱ्याने तिसऱ्याचे. पहिल्या सभेत ज्या अंगठ्यावरून भांडण झाले होते, तो आता कोणालाच नको होता.

“यंत्रालेच ठरवू द्या न,” कोणी म्हणाले.

“कायद्यात बसत नाही.”

“मंग ज्याची पोरगी नाही असा पाहा कोनी.”

“पोरगी नसन त बहीन असन. बहीन नसन त दोस्त असन,” यादवराव थकून म्हणाले. “जाऊ द्या. पुढच्या बैठकीत पाहू.” आणि सभा संपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुशाल खैरगव्हाणला गेला. गारेने फाटलेल्या सालीतून रोग आत शिरतो; तत्पूर्वी मोरचूद आणि चुना यांचा निळे मलम त्या जखमांवर लावावे लागते. बोढाळ्यांच्या बागेत सारे घर त्याच कामास लागले होते. सुधाकररावांनी व्याह्याला पाहिले आणि ते पाठ फिरवून दुसऱ्या टोकाला गेले. पंकजने नुसती मान हलविली. तेजलने मलमाची बादली आणि कुंचला वडिलांसमोर ठेवला व ती स्वतः पुढच्या झाडाकडे वळली.

दोघे बराच वेळ काम करीत होती. कुजू लागलेल्या फळांचा आंबूस वास सर्वत्र भरला होता.

“फोनवर सांगतलं असतं त बरं झालं असतं,” तेजल खोडाकडे पाहत म्हणाली. “घरात जा, घरात जा. मले वाटलं तुमाले काही झालं.”

“तोंडातून निघालं नाही, माय.”

“सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मामंजी बोलत नाहीत मले. मी काही केलं नाही, तरी मले वाटते मीच केलं.”

खुशालचा कुंचला थांबला.

“एक विचारू, बाबा? खरं सांगा. तिथी पालं नसती, नुसती मेंढरंच असती, तरी तुमी तेच केलं असतं. नाही का?”

“काहून म्हनतेस असं?”

“काहून का लोकं म्हनले असते, गारपगाऱ्यानं पोरीची बाग राखली. त्या म्हनन्याचं भेव तुमाले पह्यल्यापासून हाये. माह्या लग्नापासून.” तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो अधिक लागला. “तुमी त्या लेकराइसाठी केलं, का तुमचा अंगठा साफ रहावा म्हनून केलं?”

खुशालने उत्तर शोधले. त्या क्षणी आपल्या मनात नेमके काय होते, हे त्याने गेले दोन दिवस स्वतःला पुनःपुन्हा विचारले होते. ढगाचे अंतरंग पाहणारे यंत्र माणसाने बनविले; परंतु स्वतःचे अंतरंग त्यास तसे पाहता येत नाही.

“माहीत नाही, तेजू,” तो म्हणाला. “लेकरं दिसली, हे खरं. तुही बाग दिसली, न अंगाले काटा आला, हेही खरं. त्यातून कायनं हात हालला, मले नाही सांगता येत.”

तेजलने हातातले काम थांबवून त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाली, “खोटं बोलले असते त आज बादली उचलून पाठवून देलं असतं तुमाले.” आणि वरच्या फांदीकडे बोट केले. “तिथी लावा. माहा हात पुरत नाही.”

त्याने वर हात नेला, इतक्यात फोन वाजला. यादवराव होते. पश्चिमेस पुन्हा ढग धरला होता. बैठक झाली नव्हती, नवा अंगठा नोंदविलेला नव्हता, आणि यंत्रात अद्याप खुशालचाच होता. “ये बाप्पा लवकर,” यादवराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, भय होते.

खुशालने फोन खाली घेतला. तो जागचा हलला नाही. तेजलने सर्व ऐकले होते.

“जा,” ती म्हणाली.

“तेजू—”

“आमच्या बागेत आता वाचवासारखं काही रायलं नाही, बाबा. आज तुमचा हात मोकळा हाये. जा.”

नदीकाठच्या रस्त्याने तो निघाला. काठेवाड्यांनी माळ सोडून आता पुलाच्या अलीकडे पाले टाकली होती. त्यांचा म्होरक्या पुंजाभाई रस्त्याच्या कडेला उंटाचे दावे सोडवीत उभा होता. दरवर्षी येऊन येऊन तो मोडकी मराठी बोलत असे.

“राम राम, भाऊ. तुमच्या गावावर लय मोठी गार पडली म्हणते. आमच्यावर एकदम बारीक. माताजीची मेहर झाली.”

“होय,” खुशाल म्हणाला.

“हात निळे कशाने झाले? रंगाचं काम करते का?”

“तसंच समजा.”

पुंजाभाईने पश्चिमेकडे पाहिले. ढगाचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा सपाट पसरू लागला होता. “आज येईल का, भाऊ? काय वाटते?”

हा प्रश्न माणसे माणसांना अनादी काळापासून विचारीत आली आहेत, आणि आकाशाकडे पाहून काहीही उत्तर दिले तरी त्याने कोणाचे बिघडत नसे. खुशाललाही आजवर तो कितीदा विचारला गेला होता.

“बायालेकरं घेऊन संस्थेच्या गोदामात जा,” तो म्हणाला. “आत्ताच जा. कोनी अडवलं त सांगा, खुशालनं पाठवलं.”

“अन् मेंढरं? मेंढरं कुठं माईल गोदामात? चारशे हाये.”

खुशालने ढगाकडे पाहिले. मग खाली पसरलेल्या कळपाकडे पाहिले, आणि उरलेल्या गावांच्या, अजून पाने असलेल्या बागांकडे पाहिले.

“मेंढराइचं,” तो म्हणाला, “अजून ठरलं नाही.”

आणि तो टेकडीची वाट चढू लागला.